वाचकांचे प्रश्न : काळा डाग म्हणजे तेलच का?

प्रश्न : सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची मोफत चित्रं उतरवून मुंबई हायच्या भागातली तेलगळती स्नॅप या उपग्रहचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधली. एकाच चित्रात चाळीसेक काळे डाग निघाले. हे सगळं तेल असेल? (भूगोलाचा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : नाही. बरेचसे डाग वाऱ्याचे असणार. या रडारची ५.६ सेंमी लांबीची लहर समुद्रावरच्या बारीक लाटांवरून परतते. तेलाचा तवंग त्या लाटा दाबतो, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. पण वारा पडला तरी लाटा बसतातच. तुमच्या हतनूर धरणाचं वारा नसलेल्या दिवसाचं चित्र उघडा. तेलाचा थेंब नसताना जलाशय डांबर ओतल्यासारखा दिसेल.

म्हणून आधी त्या वेळचा वारा बघा. सेकंदाला ३ ते १० मीटर असेल तरच पुढे जा. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. भलत्याच वेळचा वारा पाहिला जातो तो इथेच.

पट्टा व्हीव्ही घ्या, म्हणजे लहर उभी पाठवून उभीच टिपलेला. व्हीएचमध्ये (उभी पाठवून आडवी टिपलेल्या) समुद्राचा सिग्नल यंत्राच्या गोंगाटातच बुडतो. मग स्नॅपमध्ये क्रमाने : ऑर्बिट फाइल (उपग्रहाची नेमकी जागा), जमिनीचा मास्क (जमीन झाकणं), कॅलिब्रेशन (सिग्नलचं मोजमाप), मग तेल शोधायचं टूल. त्यातली पार्श्वभूमीची खिडकी, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला आजूबाजूचा भाग, तवंगापेक्षा लहान ठेवली तर मोठ्या तवंगाचा मधला भाग सुटतो, कारण आजूबाजूलाही काळंच असतं. खोटे डाग फार येत असतील तर थ्रेशोल्ड शिफ्ट (आजूबाजूपेक्षा किती काळं असेल तर डाग धरायचा ते) २ डेसिबलवरून थोडी वाढवा.

शेवटी निवाडा डोळ्यांनीच करायचा. लांब, अरुंद पट्टा आणि टोकाला पांढरा ठिपका असेल तर जहाजाचा संशय घ्या. तो ठिपका १२ दिवसांपूर्वीच्या चित्रातही तिथेच असेल तर ते जहाज नव्हे, तेलविहिरीचा फलाट. भोवऱ्यासारखे वळलेले धागे बहुधा प्लवकांचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका हे प्लवक फोफावतं, तेव्हा सेंटिनेल-२ या साध्या प्रकाशात टिपणाऱ्या उपग्रहाचं रंगीत चित्र शेजारी ठेवा.

प्रश्न : रडारला ढगांपलीकडचं दिसतं, मग पावसाळ्यात गळती नजरेतून का सुटते? (वाचक, शहादा)

उत्तर : ढग नाही, वारा आडवा येतो. तो सेकंदाला १०-१२ मीटरच्या वर गेला की तेल पाण्यात घुसळलं जातं आणि काळं-उजळ हा फरकच पुसतो. शिवाय तवंग वाऱ्याच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो : १० मीटरच्या वाऱ्यात तासाला किलोमीटरभर, प्रवाहाचं वेगळंच. उपग्रह पुन्हा येईपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असतो.