शाळेच्या मुलांना बास्केटबॉलमधली पिक-अँड-रोल ही दोघांची चाल (एकाने स्क्रीन लावायची आणि मग रिंगकडे धावायचं) शिकवतोय, पण रिंगखाली गर्दीच होते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक स्क्रीनमध्ये, म्हणजे उभं राहून डिफेंडरची वाट अडवण्यात, नसते, चेंडूपासून लांब असलेल्या तिघांमध्ये असते. दोघांना थेट कोपऱ्यांत उभं करा, तिसऱ्याला चेंडूच्या विरुद्ध बाजूला; तिघेही ६.७५ मीटरच्या थ्री-पॉइंट रेषेबाहेर. मुलं नकळत चेंडूकडे ओढली जातात. एक पाऊल आत आलं की सोबत त्याचा डिफेंडरही आत येतो आणि वाट बंद होते. मी कोर्टवर खडूने फुल्या मारून देतो, त्याने खूप फरक पडतो.

आता स्क्रीन. उंच खेळाडू दोन्ही पाय रोवून थांबला, की मगच ड्रिबल करणाऱ्याने निघायचं. आधी निघाला तर हलत्या स्क्रीनचा फाउल बसतो. निघताना त्याचा खांदा स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये माणूस शिरेल एवढी फट राहिली तर सगळी मेहनत वाया. मग स्क्रीन लावणारा चेंडूवरची नजर न हटवता वळतो आणि हात वर करून रिंगकडे धावतो. कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत आला, तर चेंडू लगेच त्याच कोपऱ्यात.

युटा जॅझच्या जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन यांचे जुने सामने मुलांना जरूर दाखवा. १९९७ आणि १९९८ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची फायनल गाठताना हीच चाल त्यांचं मुख्य हत्यार होती.