कन्व्हर्टर उतरवायच्या आधी टर्बोची हवा बघा

प्रश्न: माझ्याकडे 2019 चा टर्बो डिझेल पिकअप ट्रक आहे, ऑटोमॅटिक गिअरचा. काटोलहून संत्र्याचे क्रेट भरून कळमना मार्केटला नेतो. काही महिन्यांपासून लोड असला की गाडी जागेवरून उचलूनच नाही राहिली, चढावर थांबलो तर एक्सलेटर पूर्ण दाबूनही रडत रडत निघते, पण एकदा का 60-70 च्या वर गेली की बरी पळते. वाडीच्या एका गॅरेजवाल्याने स्टॉल टेस्ट केली, आरपीएम 1700 च्या वर गेलाच नाही, मॅन्युअलमधे 2400 दिलाय. तो म्हणतो टॉर्क कन्व्हर्टरचा स्टेटर गेला, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, खर्च लाखाच्या वर. करू का? (एक वाचक, काटोल)

उत्तर: भाऊ, इतक्यात नका करू. गॅरेजवाल्याने टेस्ट केली हे चांगलंच केलं, बरेच जण ती पण करत नाहीत, डायरेक्ट पाना हातात घेतात. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलातून ताकद पुढे देणारा भाग, पण 1700 हा आकडा एकट्या त्याचा नाहीये. स्टॉल टेस्टमधे एक्सलेटर पूर्ण दाबलेला पण ब्रेकने चाकं बांधलेली असतात म्हणून कन्व्हर्टरमधलं टर्बाइन (गिअरबॉक्सकडचं पात्यांचं चाक) जागेवर उभं राहतं, इंजिन पंप (आपल्याकडचं चाक) फिरवून त्याच्यावर तेल फेकत राहतं, आणि तेलाचा विरोध इंजिनच्या ताकदीएवढा झाला की आरपीएम तिथेच अडकतो. म्हणजे इंजिन कमजोर असलं तरी आकडा खाली येणार आणि स्टेटर घसरत असला तरी खालीच येणार.

आता थोडा हिशोब करा. तेलाचा विरोध आरपीएमच्या वर्गाने वाढतो. 1700 ला 2400 ने भागलं तर 0.71 येतं, त्याचा वर्ग 0.5. म्हणजे कन्व्हर्टर ठणठणीत आहे असं धरलं तर तुमचं इंजिन निम्माच टॉर्क देऊन राहिलंय, आणि टर्बो डिझेलला टर्बोने दाबून भरलेली हवा, म्हणजे बूस्ट, मिळाली नाही तर साधारण तेवढाच उरतो. म्हणून माझा पहिला संशय हवेवर आहे.

स्टेटरचा संशय अगदीच उगाच नाही. टर्बाइनवरून परत येणारं तेल वळवून पंपाला मदत करायची हे स्टेटरचं काम, त्यामुळे गाडी उचलताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. त्याला एकाच दिशेने फिरू देणारा वन-वे क्लच घसरला तर तेच तेल पंपाला उलटं आडवं येतं, आरपीएम पडतो, गाडी उचलत नाही, आणि स्पीड घेतल्यावर स्टेटर तसाही मोकळाच फिरत असल्यामुळे काही फरक जाणवत नाही. तुमचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं, पण टर्बोच्या गाडीत हेच लक्षण दुसरीकडूनही येतं आणि फसायला होतं ते इथेच. टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या काजळीने उघड्या अडकल्या तर कमी आरपीएमवर टर्बो फिरतच नाही, वर गेल्यावर फिरतो, कारण टर्बो इंजिनच्या धुरावरच फिरतो आणि तिथे धूर भरपूर. मग बूस्ट नाही म्हणून आरपीएम चढत नाही आणि आरपीएम चढत नाही म्हणून बूस्ट येत नाही, असं ते अडकून बसतं. बिचारा कन्व्हर्टर फुकट बदनाम होतो.

म्हणून स्कॅनर लावून टेस्ट परत करायला लावा. आधी इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) आकडा बघा, आपल्या नागपूर भागात तो 97 किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, नाही आला तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग गाडी चालवून गरम करा, गिअरबॉक्सची ऑइल लेव्हल बघा, चाकांखाली ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीच्या पुढे-मागे एकही माणूस नको (पोरं मोबाईल घेऊन समोर उभी राहतात, त्यांना हाकला), डी मधे टाकून एक्सलेटर पूर्ण, आणि 5 सेकंदांच्या आत पाय काढायचा. नंतर न्यूट्रलमधे हजार-बाराशेवर दोन मिनिटं चालू द्या. हे पाच सेकंद मी उगाच नाही म्हणत, चाकं बंद असताना इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, 100 किलोवॅट जर 10 लिटर तेलात सोडले तर दर सेकंदाला जवळपास 6 अंश चढतात, आणि कन्व्हर्टरच्या आत तेल त्याहून कमी असतं. मे महिन्यात 45 डिग्रीच्या उन्हात तर ही टेस्ट दुपारी करूच नका, सकाळी करा.

त्या पाच सेकंदांत दोन आकडे बघायचे, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला. मागितला 190 किलोपास्कल आणि मिळाला 115 असं काही दिसलं तर कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, हवा शोधायची. दोन्ही आकडे जुळले, डिझेलचं रेल प्रेशरही (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपातलं) मागितलं तेवढं मिळालं आणि तरीही आरपीएम 1700 च, तर मग गॅरेजवाला बरोबर आहे, खुशाल उतरवू द्या. एक लक्षात ठेवा, काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि एक्सलेटर सोबत दाबले की ईसीयू स्वतःच ताकद कापतो, तुमच्या मॅन्युअलमधे तशी सूचना आहे का ते आधी वाचा.

हवा शोधताना इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजपासून सुरुवात करा. नुसतं वरून बघून चालत नाही. होज हाताने दाबून वाकवा, घड्या पडतात तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा, ऑइलचा ओला काळा थर लागला तर तिथेच चीर आहे असं समजा, कारण ती चीर आयडलला मिटलेली असते आणि बूस्ट आला की ओठांसारखी उघडते. क्लिपच्या खालीही बघा, खूप आवळल्यामुळे रबर तिथेच कापलं जातं. साबणाचं पाणी टाकून अगदी कमी प्रेशरने हवा भरली की बुडबुडे दिसतात. तुम्ही धुराबद्दल काही लिहिलं नाही, चढावर काळा धूर आणि शूं असा आवाज येत असेल तर होजच. होज चांगले निघाले तर टर्बोच्या पात्या आणि त्या हलवणारा अ‍ॅक्चुएटर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर. हे सगळं गिअरबॉक्स न उतरवता होतं, आणि संत्र्याच्या सीझनमधे गाडी किती दिवस उभी राहते यालाही तुमच्यासाठी किंमत आहे.

प्रश्न: उमरेडकडे खाणीत डंपरवर काम करतो. आमच्या एका डंपरचा स्टॉल आरपीएम उलट जास्त येतो आणि कन्व्हर्टरचं टेम्परेचर लाल पट्टीत जातं. कन्व्हर्टर बदलायचा का?

उत्तर: जास्त येतो म्हणजे इंजिन जोरात आहे आणि पुढे कुठेतरी घसरून राहिलंय. ऑइल लेव्हल, फेस, सक्शनचा फिल्टर, मग क्लचचं प्रेशर गेजवर बघा. एकाच गिअरमधे आकडा जास्त येत असेल तर त्या गिअरचा क्लच पॅक, सगळ्या गिअरमधे येत असेल तर प्रेशरच कमी किंवा तेल कमी. आणि टेस्ट पुन्हा पुन्हा करू नका, घसरणारा क्लच प्रत्येक वेळी आणखी जळतो.

प्रश्न: माझी ऑटोमॅटिक गाडी व्हरायटी चौकात सिग्नलला थांबली की झटका देऊन इंजिन बंद पडतं. पी मधे लगेच चालू होतं, डी टाकला की कधीकधी परत बंद. टर्बोचा प्रॉब्लेम का?

उत्तर: नाही ताई, हा लॉकअप क्लच सुटत नसल्याचा प्रकार दिसतो. हायवेला स्पीडमधे तो इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडतो, थांबताना सुटला नाही तर क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर मॅन्युअल गाडी बंद पडते तसं होतं. आधी आयडल आरपीएम बरोबर आहे ना ते बघून घ्या, मग लॉकअपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि त्याची वायरिंग तपासायला सांगा. ते दोन्ही चांगले निघाले तरच व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्सचं तेल वाटणारा भाग) उघडायची, आणि तोवर गर्दीच्या रस्त्यावर गाडी काढू नका.