नुसतं स्कॅन करून थांबू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला, गावच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर टाकायची म्हणतेस, फार बरं वाटलं. पण पीडीएफ चढवली की काम झालं असं समजू नकोस हं.

आधी कॉपीराइटच्या हक्काचं बघ. आपल्याकडं लेखक गेला की पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे साने गुरुजी १९५० ला गेले, तर त्यांनी लिहिलेलं २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं सालही बघ, प्रस्तावना आणि चित्रं कुणाची तेही, इथंच लोक घाई करतात. वारस असतील तर सरळ घरी जाऊन लेखी परवानगी माग.

आता खरं काम. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातला एक शब्द सर्चमध्ये सापडत नाही, आणि ज्या मुलाला दिसत नाही, जो एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकत अभ्यास करतो त्याच्यासाठी ते पान कोरंच. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फायलींचंही तेच, दिसतं मराठी आणि कॉपी केलं की भलतीच अक्षरं. म्हणून युनिकोड मजकूर हवाच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं राहतात असा. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियासारख्याच खुल्या ग्रंथालयावर चढव, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणं, तिथंच होतं, मग एकेक पान मूळाशी ताडून बघायचं, एकानं तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. जुन्या छपाईत जोडाक्षरं फार चुकतात, वेळ जातो, पण दोनशे पानांचा मजकूर एक-दोन एमबीत मावतो आणि स्कॅन सहज पन्नास एमबी खातं, ज्याचा डेटा संध्याकाळीच संपतो त्याला विचार हा फरक केवढा ते.

आणि हे वाचनालयाच्या कमिटीला नक्की सांग, २०१२ ला कायदा बदलला तेव्हापासून कॉपीराइट असलेलं पुस्तकसुद्धा अंध वाचकांना वाचता येईल अशा रूपात ना-नफा तत्त्वावर करून देता येतं. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश आपलाच, २०१४ ला, आणि तरी मुलांना पुस्तकं मिळत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

कमिटी म्हणेल पानापानावर आपला शिक्का टाका, त्याला नाही म्हण, ओसीआर बिघडतं. वाचनालयाचं नाव माहितीच्या पानावर ठळक दे, तेवढं पुरतं.

पहिलं पुस्तक निवडलंस की शीर्षकाच्या पानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो पाठव, सालं मिळून तपासू.

तुझी,
ताई