जुन्या गिरणीत मायक्रोब्रुअरी: सही करण्यापूर्वी

प्रश्न: आम्ही तिघे मित्र ठाण्यात चार वर्षांपासून घरीच बियर बनवतो. आता परळमधील एका जुन्या गिरणीचे बॉयलर हाऊस भाड्याने घेऊन तेथे मायक्रोब्रुअरी काढण्याचा विचार आहे. इमारत वारसा यादीत दर्जा 2-अ मध्ये आहे. मालक महिनाअखेरीस सही आणि अनामत मागत आहेत. अनुभवाचा पुरावा म्हणून आमची बियरची वही आणि फोटो परवान्याच्या अर्जाला जोडावेत का?

उत्तर: जोडू नयेत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मधील दारूच्या व्याख्येत बियर येते आणि कलम 12 नुसार परवान्याविना ती बनवण्यास मनाई आहे. विक्री केली नाही, फक्त घरच्यांना आणि मित्रांना दिली, एवढ्याने सुटका होत नाही. दारू बनवण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणेही कलम 65 खाली गुन्हा आहे. माल्टचे वजन, किण्वनाचे (आंबवण्याचे) तापमान, तारखा आणि ओट्यावरच्या फर्मेंटरशेजारी उभे असलेले आपण तिघे, हे सारे अर्जासोबत गेले की तो आपल्याच सहीचा कबुलीजबाब होईल. वही नष्ट करा असे मी मुळीच सांगत नाही. घरचे उत्पादन मात्र आजच बंद करावे आणि अर्जात प्रशिक्षित ब्रुअरची नेमणूक दाखवावी.

माझी खरी काळजी कराराची आहे. दारूचा धंदा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे, म्हणजे कागदपत्रे चोख असली तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून परवाना मिळेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून परवाना तसेच वारसा, वापरबदल आणि अग्निसुरक्षेच्या मंजुऱ्या ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास करार संपेल, अनामत पूर्ण परत मिळेल आणि तोवर भाडे सुरू होणार नाही, अशी अट करारातच हवी. लिव्ह अँड लायसन्स असेल तर भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

दर्जा 2-अ मध्ये बदल, विशेषतः बाह्यरूपातील, छाननीनंतरच होऊ शकतात आणि त्यासाठी मुंबई वारसा जतन समितीचे मत घेतले जाते. अडचण नेमकी येथेच आहे. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे बॉयलरच्या जुन्या खड्ड्यात साचतो आणि तेथे उतरलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकतो. तो बाहेर काढायला भिंतीत झरोका पाडायचा, तर तीच भिंत जतन करायची आहे. शिवाय 1,000 लिटरच्या भरलेल्या टाकीत नुसत्या बियरचेच वजन सुमारे एक टन असते. तेव्हा वारसा वास्तूंचे काम केलेला वास्तुविशारद आणि संरचना अभियंता यांना सहीपूर्वी जागा दाखवावी. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या आवारातील आगीत 14 जणांचा बळी गेला, हे परळमध्ये कोणी विसरलेले नाही. अग्निसुरक्षेच्या 2006 च्या अधिनियमानुसार मालकाबरोबर भोगवटादारही, म्हणजे आपणही, उत्तरदायी असाल.

मालकांकडून शेवटचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि अर्जांवर सह्या करण्याची लेखी हमी मागावी. वरील अट ते नाकारत असतील, तर महिनाअखेर टळू द्यावी. सही करू नये.