सॅमन रिव्हरला चढण लागली: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑगस्ट सरता सरता सॅमनच्या मासेमारीसाठी पुलॅस्कीच्या वारीबद्दल विचारणारी पत्रं वाढायला लागतात. न्यू यॉर्क राज्यात, पुलॅस्की गावातून वाहत ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्व काठाला मिळणारी सॅमन रिव्हर आता न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंतच्या मराठी मंडळींच्याही ओळखीची झाली आहे. या वेळी आलेल्या पत्रांतले, बऱ्याच जणांना उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: आम्ही तिघे मित्र एडिसनहून येणार आहोत. ऑक्टोबरातला कोलंबस डेचा लाँग वीकेंड सोयीचा पडतो. तेव्हा मासे नक्की असतील ना?

मासे असतील. उभं राहायला जागा मिळेल का, ते मात्र सांगता येत नाही. चिनूक या सॅमनच्या जातीची चढण, म्हणजे अंडी घालायला सरोवरातून नदीत वर येणं, साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला लागते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात येते. त्यामुळे नेमक्या त्याच तीन दिवसांत पुलॅस्की गावातल्या डोहांवर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. रजा मिळत असेल तर त्याच्या आगेमागे मंगळवार-बुधवार गाठा. दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने मासे कमी होत नाहीत.

तारखेपेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा. ही नदी धरणाखालची आहे. लाइटहाउस हिलच्या धरणातून सप्टेंबर ते डिसेंबर किमान ३३५ क्युसेक विसर्ग सोडला जातो. त्यावर पाऊस झाला किंवा विसर्ग वाढवला की पोर्ट ऑन्टारिओच्या मुखाशी थांबलेले मासे झुंडीने वर सरकतात. पाइनव्हिल इथल्या मापकाचे आकडे इंटरनेटवर दिवसभर दिसत असतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ते रोज बघत जा. पाणी वाढून पुन्हा उतरायला लागलं, की तो दिवस तुमचा. मासे वर आलेले असतात, दमून डोहात विसावलेले असतात आणि पाणीही बऱ्यापैकी निवळलेलं असतं. सप्टेंबरातल्या उन्हाच्या, कोरड्या दिवशी मात्र फटफटताना आणि तिन्हीसांजेलाच हालचाल असते. भर दुपारी डोहाशी ताटकळण्यापेक्षा जेवून घ्यावं. या नदीवर रात्री मासेमारीला मनाई आहे, तेव्हा अंधार पडला की गाशा गुंडाळायचा.

प्रश्न: नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही असं वाचलं. मग तो गळाला लागतो कसा? आणि काही जण शेपटीत किंवा पाठीत गळ अडकलेले मासे ओढून काढत होते. हे चालतं का?

आधी दुसऱ्याचं उत्तर. चालत नाही. तोंडाबाहेर गळ लागलेला सॅमन किंवा ट्राउट लगेच सोडून द्यायचा, असा कायदा आहे. पूर्वी याच नदीवर तिहेरी गळ पाण्यातून हिसकत मासे अडकवायला परवानगी होती. १९९० च्या दशकात ती बंद झाली, आणि फार बरं झालं.

आता खाण्याबद्दल. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. नदीत शिरल्यावर चिनूकचं पोट आक्रसून जातं आणि सरोवरात साठवलेल्या चरबीवर तो शेवटचे काही आठवडे काढतो. पण समोरून काही वाहत आलं तर चावण्याची सवय जात नाही. जागेवर हक्क सांगणारा नर तर तोंडासमोरून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर झडप घालतो. म्हणून आमिष त्याच्या नाकासमोरून, तळालगत, धारेच्याच वेगाने जायला हवं. ते हातभर वरून गेलं तर तो ढुंकून बघत नाही.

हे जमलं की नाही, ते हाताला कळतं. आमिष धारेत, आपल्यापासून थोडं वरच्या अंगाला टाका, रॉडचं टोक उंच धरा आणि दोर जसा वाहील तसं टोक त्याच्यासोबत फिरवत न्या. दोराला वजनासाठी लावलेलं शिसं तळाच्या दगडांना लागलं की टोकाशी बारीक टकटक जाणवते. दर दोन-तीन सेकंदांनी एक टक आली तर वजन बरोबर. सलग खरखर आली तर शिसं जास्त झालं, आणि काहीच लागलं नाही तर कमी पडलं. टकटक मधेच थांबली आणि दोर जागीच थबकला, की मनगट वर घ्या. दर वेळी मासाच असेल असं नाही, बहुतेकदा दगडच निघतो. पण मासा असला तर तो डोकं झटकतो आणि तो झटका कोपरापर्यंत पोचतो. तोंडात लागलेल्या माशाची खूण हीच. नुसतंच जड काहीतरी आडवं-तिडवं धारेखाली पळत सुटलं तर गळ पाठीत किंवा शेपटीत आहे असं समजा. रॉड सरळ माशाच्या रोखाने धरा आणि दोर तुटू द्या. अर्धा तास झुंजवून शेवटी सोडायचाच आहे, तर त्याची ताकद कशाला घालवायची?

एका प्रकाराबद्दल स्पष्टच सांगतो. लांबच लांब लीडर (गळाला जोडलेला दोराचा शेवटचा तुकडा) धारेत आडवा सोडायचा, तो श्वासासाठी उघडझाप करणाऱ्या तोंडात सरकू द्यायचा आणि मग ओढायचा. गळ तोंडाच्या बाहेरच्या कडेला लागतो आणि सगळं नियमात बसल्यासारखं दिसतं. मी याला मासेमारी मानत नाही. लीडर दोन-अडीच फुटांचा ठेवा. मासे कमी लागतील, पण जे लागतील ते स्वतःहून चावलेले असतील.

प्रश्न: मी मूळचा अलिबागजवळचा, सध्या बॉस्टनला असतो. आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरतात. आजोबा म्हणायचे, पोटात गाबोळी असलेला मासा चढू द्यावा, उतरताना बघू. इथे तर अंडी घालायला निघालेलाच मासा धरतात. मनाला पटत नाही.

तुमचे आजोबा बरोबर सांगत होते. वलगणीला ओढ्यातून, शेतातून चढलेला मासा अंडी टाकून परत उतरतो आणि पुढच्या पावसात पुन्हा येतो. तो वाटेत धरला तर पुढची सगळी साखळी तुटते.

चिनूकचं तसं नाही. तो परत उतरतच नाही. तीन-चार वर्षं सरोवरात वाढतो, आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास ओळखत माघारी येतो, अंडी घालतो आणि मरतो. मासे वासावरून घर शोधतात हे विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅस्लर यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं. शिवाय चिनूक इथला मूळचाही नाही. ऑन्टारिओ सरोवरातला मूळचा अटलांटिक सॅमन धरणं, गिरण्या आणि जंगलतोडीपायी एकोणिसाव्या शतकातच संपला. पुढे बाहेरून आलेल्या अलवाइफ नावाच्या चंदेरी माशाने ऑन्टारिओसारखी इथली मोठी सरोवरं भरून गेली. त्याला खाणारं कोणीतरी हवं म्हणून १९६६ मध्ये मिशिगन राज्याने हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने प्रशांत महासागराकडचा कोहो सॅमन सोडला, पाठोपाठ चिनूकही. न्यू यॉर्कने १९६८ पासून तोच मार्ग धरला. ऑल्टमार इथल्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात दर ऑक्टोबरात माद्यांची अंडी काढून पिल्लं वाढवली जातात.

एवढं वाचून मन हलकं होत असेल, तरी आजोबांचं वाक्य सोडू नका. १९९६ पासून धरणाला किमान विसर्ग बांधून दिला, तेव्हापासून या नदीत नैसर्गिक पैदासही भरपूर होते. सरोवरातल्या चिनूकचा मोठा हिस्सा आज केंद्रात नाही, नदीच्या गोट्यांत जन्मलेला आहे. मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खळगा करते, अंडी टाकते आणि वरच्या अंगाचे गोटे उडवून ती झाकते. आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट असताना मधेच टेबलाएवढा उजळ, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर तोच तो खळगा. त्यावर पाय पडला तर अंडी चिरडतात. त्यातून चालू नका आणि त्यावर जोडीने थांबलेल्या माशांवर गळ टाकू नका. डोहातून अजून वर चाललेल्या माशाला धरा, घरट्यावर पोचलेल्याला राहू द्या. माझा स्वतःचा नियम हाच आहे, आणि तुमचे आजोबाही त्यावर मान डोलावतील असं वाटतं.

प्रश्न: पहिल्यांदाच येतोय. काय काय सामान विकत घ्यावं?

कमीत कमी. साडेआठ-नऊ फुटांचा मजबूत स्पिनिंग रॉड, चांगल्या ब्रेकचं रील आणि वीस पौंडी दोर. फ्लाय, म्हणजे पिसं-धागे गळावर बांधून केलेलं हलकं आमिष, टाकता येत असेल तर ‘नऊ वेट’ किंवा ‘दहा वेट’चा फ्लाय रॉड. गळ एकेरीच लागतो, तिहेरी चालत नाही. आमिषाला जाळीच्या कापडात बांधलेली सॅमनची अंडी, किंवा अंड्यासारखे दिसणारे रंगीत फ्लाय. ऑल्टमारजवळच्या ज्या पट्ट्यांत फक्त फ्लाय चालतो तिथे खरी अंडी वापरता येत नाहीत. त्या पट्ट्यांतला प्रत्येक मासा सोडूनही द्यावा लागतो.

पैसे घालायचेच तर पायांवर घाला. या नदीच्या तळाचे गोटे शेवाळाने कमालीचे बुळबुळीत असतात. वेडर्सच्या (पाण्यात उभं राहायच्या, छातीपर्यंतच्या जलरोधक पोशाखाच्या) बुटांना लोखंडी खिळे हवेत, हातात काठी हवी आणि कमरेचा पट्टा आवळलेला हवा. पडलात तरी पट्ट्यामुळे वेडर्समध्ये पाणी पटकन भरत नाही. विसर्ग साडेसातशे क्युसेकच्या वर असेल तर नवख्याने पाण्यात उतरूच नये, काठावरून टाकावं. पोलराइज्ड चष्मा विसरू नका. त्याने मासे दिसतात आणि दुसऱ्याच्या गळापासून डोळेही वाचतात.

प्रश्न: धरलेला चिनूक घरी आणून कालवण केलं तर? आणि गाबोळी?

करता येतं, पण दोन गोष्टी बघून. पहिली, मासा कोणत्या अवस्थेत आहे. सप्टेंबरात मुखाजवळ धरलेला, अजून चंदेरी असलेला मासा चवीला चांगला लागतो. जसजसा तो वर चढतो तसतशी कातडी काळपट-तांबूस होते, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो आणि मांस फिकट, भुसभुशीत पडतं. असा मासा कालवणात विरघळतो आणि तळला तरी मजा नाही. फोटो काढा, सोडून द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑन्टारिओ सरोवराच्या माशांत पीसीबी, डायॉक्सिन आणि मायरेक्स ही जुन्या कारखान्यांची विषं आजही सापडतात. राज्याचा आरोग्य विभाग कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा सल्ला प्रसिद्ध करतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांच्यासाठी तो बराच कडक आहे. घरात कोणी गरोदर असेल तर हा मासा चुलीवर चढवूच नका. ही विषं चरबीत साठतात, म्हणून कातडी, पोटाची पट्टी आणि बाजूने जाणारी गडद रेघ काढून टाका, आणि चरबी गळून जाईल अशा बेताने जाळीवर भाजा. कालवणात सगळी चरबी रश्श्यातच उतरते, म्हणून कालवण नको म्हणतो. गाबोळीतही चरबी भरपूर असते. कितीही मोह झाला तरी ती आमिषालाच ठेवा.

प्रश्न: नोव्हेंबरात स्टीलहेडसाठी यावं का? सॅमनपेक्षा अवघड असतो म्हणतात.

जरूर या. मला विचाराल तर या नदीचा खरा हंगाम सॅमनची गर्दी पांगल्यावरच सुरू होतो. स्टीलहेड म्हणजे सरोवरात वाढलेला रेनबो ट्राउट. सॅमनच्या वाहून आलेल्या अंड्यांवर ताव मारायला तो ऑक्टोबरात मागोमाग शिरतो, अख्खा हिवाळा नदीत काढतो, मार्च-एप्रिलात अंडी घालतो आणि जिवंत परत सरोवरात जातो. तपकिरी ट्राउटही ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच पाण्यात असतो. हे दोन्ही नदीत असताना खातात, त्यामुळे इथे आमिष खरोखर आमिष असतं.

अवघड एवढ्याचसाठी की दोर बारीक लागतो आणि मासा बेभान पळतो. आठ पौंडी लीडर, तरंगता फ्लोट, त्याखाली एखाद-दुसरं अंडं. पाणी गोठणबिंदूकडे झुकलं की स्टीलहेड खळाळातून निघून संथ, खोल पाण्यात जातो आणि आमिषासाठी फूटभरसुद्धा हलत नाही. तिथे एकाच रेषेत पुन्हा पुन्हा टाकत राहावं लागतं. लागला की मात्र पाण्याबाहेर उड्यांवर उड्या.

स्टीलहेड ठेवण्याची मर्यादा कमी आहे. माझी विनंती आहे की ठेवूच नका. २०१४ च्या शरदात या नदीत स्टीलहेड गोल गोल भरकटत मरताना दिसले. अलवाइफमध्ये थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर असतं. तोच मासा खाऊन खाऊन त्यांच्या शरीरातलं थायमिन संपलं होतं. केंद्रातल्या माशांना तेव्हा ब१ ची इंजेक्शनं द्यावी लागली. पुन्हा येऊ शकणारा हा मासा इतका नाजूक धाग्यावर जगतो. हात ओले करून धरा, फोटोसाठी दोन सेकंदच उचला, बर्फावर ठेवू नका. शून्याखालच्या हवेत कल्ले गोठतात.

प्रश्न: वडील पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आले आहेत, वय ७२. त्यांना परवाना मिळेल का? आणि पाण्यात न उतरता त्यांना काय दाखवता येईल?

मिळेल. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, राज्याबाहेरच्यांसाठी एक दिवसाचाही असतो आणि तो ऑनलाइन निघतो. सप्टेंबरातला चौथा शनिवार आणि ११ नोव्हेंबर हे न्यू यॉर्कमध्ये मोफत मासेमारीचे दिवस आहेत. त्या दिवशी परवानाही लागत नाही, बाकीचे नियम मात्र तेच.

त्यांना पाण्यात उतरवू नका, गोट्यांबद्दल वर लिहिलंच आहे. सकाळी पुलॅस्कीच्या पुलावरून मासे दाखवा आणि मग ऑल्टमारच्या केंद्रात घेऊन जा. तिथे बीव्हरडॅम ओढ्यातून मासे पायऱ्यापायऱ्यांच्या जिन्याने उड्या मारत वर येतात आणि काचेमागून अगदी जवळून दिसतात. ऑक्टोबरच्या मध्याला गेलात तर अंडी काढण्याचं कामही चालू असतं. टोरांटोकडच्या ज्यांनी मुलांना मासे दाखवण्याबद्दल विचारलं आहे, त्यांनी पुलॅस्कीपर्यंत यायची गरज नाही. पोर्ट होपला गॅनरॅस्का नदीवर कॉर्बेट्स डॅमचा मत्स्यजिना आहे, बोमनव्हिललाही तसाच एक आहे. सप्टेंबरात पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि मुलांना कठड्यापासून हातभर मागे उभं करा.