भाडं नेमकं कोणत्या महिन्याचं?

मी समुपदेशक आहे. महिन्याचे पहिले दहा-बारा दिवस माझ्याकडे घरभाड्याची तक्रार हमखास येते. मालक म्हणतात, "दर वेळी आठवण करून द्यावी लागते." भाडेकरू म्हणतात, "पगार झाला की देतोच की, दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं?" झोप उडालेली असते, जिन्यात समोरासमोर आलं की माना वळतात. इतकी माणसं सारखंच विचारतात, म्हणून एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.

काकू सदुसष्ट वर्षांच्या. यजमान गेल्यावर कोथरूडचा छोटा फ्लॅट त्यांनी एका तरुण जोडप्याला दिला. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना, अकरा महिने, भाडं 18,000. माझ्याकडे आल्या त्या मार्चमध्ये, वाढलेलं बीपी आणि मोडलेली झोप घेऊन.

"नऊ महिने झाले, एक महिन्याचं भाडं बुडवून बसलाय. आणि वर 'काकू, बरी आहे ना तब्येत?' म्हणून विचारतो!"

"तुम्ही मागितलंत?"

"मागायचं कशाला? त्याला कळायला नको?"

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून पाहण्याच्या रीतीवर, माझी भिस्त आहे, आणि इतक्या वर्षांत माझे कान एका अक्षराला सरावले आहेत : 'च'. काकूंच्या वाक्यात तो न उच्चारता होता : त्याला कळायलाच हवं, त्याने द्यायलाच हवं. माणूस पैशाच्या उशिराने जेवढा त्रासतो, त्याहून कितीतरी जास्त या 'च'ने त्रासतो. पण हे पहिल्याच भेटीत सांगितलं असतं, तर काकू उठून गेल्या असत्या.

पुढच्या वेळी मी करार आणि हिशोबाची डायरी आणायला सांगितली. डायरीत महिन्यांची नावं एकाखाली एक. जुलैपासून मार्चपर्यंत प्रत्येकापुढे 18,000. सगळ्यात वर 'जून', पुढची जागा कोरी, आणि तिच्याभोवती लाल पेनाचं वर्तुळ. इतक्या वेळा गिरवलेलं, की कागद मागून फुगला होता.

करार 10 जूनपासूनचा. भाड्याचं वाक्य एवढंच : 'दरमहा 10 तारखेपर्यंत द्यावे.' आगाऊ की महिना भरल्यावर, याबद्दल एक शब्द नाही. एजंटने छापील मजकुरात नावं आणि आकडे भरले होते. मला अंदाज आला, पण मी बोलले नाही. उत्तर आपणच हातात दिलं तर माणूस ते खाली ठेवून जातो, असा माझा अनुभव आहे.

मी विचारलं, "काकू, तुमचं माहेर वाड्यातलं ना? तिथे भाडं कधी द्यायचे?"

"हो, शनिवार पेठेत. मालकांचे दिवाणजी यायचे. माझे वडील, अण्णा, पितळी डब्यात पैसे काढून ठेवायचे. एक दिवस उशीर नाही केला कधी."

"महिना सुरू होताना?"

"छे हो, महिना भरल्यावर. राहिल्याशिवाय भाडं कसलं द्याय…"

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी डायरीकडे पाहिलं. लाल वर्तुळावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ ते तिथेच राहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हा मुलगा अण्णांसारखं देतोय?"

अशा क्षणी समुपदेशकाने गप्प बसावं. मी गप्प बसले, आणि आजही मला वाटतं की त्या दिवशीचं माझं सर्वांत चांगलं काम तेच होतं.

हिशोब सुटला, पण राग लगेच गेला नाही. तो का गेला नाही, हे मला पुढच्या भेटीत कळलं. आयुष्यभर त्यांच्या हातात घरखर्चाचे पैसे यायचे, तेही मागितल्यावर. हे भाडं म्हणजे स्वतःच्या नावाच्या खात्यात दरमहा येणारा त्यांचा पहिला पैसा. तो तरी न मागता यावा, ही आस होती, आणि आस रास्तच होती. फक्त ती समोरच्याला कधी सांगितली नव्हती.

मग आम्ही एक साधं वाक्य घोटलं : "जूनच्या भाड्याचा माझा हिशोब जुळत नाही, जरा बघतोस का?" काकूंनी ते माझ्यासमोर चार-पाचदा म्हटलं, तेव्हा कुठे आवाजातला काटा निघाला. मग काकू वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे गेल्या. त्या तरुणाने फोन काढून दाखवला. 10 जुलैच्या व्यवहारापुढे त्याने लिहिलं होतं, 'जून रेंट'.

बंगळूरला असलेला काकूंचा मुलगा मधल्या काळात सांगत होता, "पाणी बंद कर, आपोआप जाईल." हे कुणीही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार पाणी-वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडणं गुन्हा आहे. जुन्या, पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायम राहणाऱ्या) भाडेकरूचं भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस गेल्याशिवाय त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये सगळी मदार करारावर असते, म्हणून तर तो सहीआधी वाचायचा. भाडं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं, आगाऊ की नंतर, आणि त्या दिवशी बँक बंद असेल तर काय, हे त्यात स्वच्छ मराठीत लिहून घ्या. पगार 7 तारखेला होत असेल, तर 5 तारखेच्या अटीवर सही करून दर महिन्याला तोंड लपवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी 10 तारीख मागा.

भाडेकरूंना आणखी एक कळकळीने सांगते. उशीर होणार असेल तर तारीख उलटायच्या आधी कळवा. आधी आलेला निरोप माणूस समजून घेतो, नंतरची तीच गोष्ट त्याला सबब वाटते. आणि "डिपॉझिटमधून वळते करा" हे परस्पर ठरवू नका. मालकांनी पावती द्यावी, ती देणं याच कायद्याने बंधनकारक आहे. तारीख उलटली की मनात खटला चालवू नये, त्याच दिवशी विचारावं. विचारल्याने आपण लहान होत नाही.

नवा करार 10 मेपासून झाला. आगाऊ घ्यावं की महिना भरल्यावर, हे काकूंनीच ठरवलं : महिना भरल्यावर. जूनमध्ये त्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा फोन पुढे केला. 'काकू, 10 मे ते 9 जूनचं भाडं पाठवलं आहे.' पैसे खात्यात थेट आले होते, तरी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पावतीपुस्तक पर्समध्ये होतं. पहिल्या पावतीवर त्यांनी सही करून ठेवली होती, संध्याकाळी वर नेऊन द्यायची म्हणून.