वडिलांची येझदी पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : वडिलांची १९८४ सालची येझदी रोडकिंग मोटरसायकल १२ वर्षे पडवीत उभी आहे. ती सुरू करून पोकळ, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बसवावेत का?

उत्तर : प्रथम एक कळकळीची विनंती, उत्साहाच्या भरात किक मारू नका. टू-स्ट्रोक गाडी दीर्घकाळ उभी राहिली की क्रँकशाफ्टची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) रबरी ऑइल सील कडक होतात, तेथून हवा आत शिरते, पेट्रोल आणि त्यात मिसळलेले ऑइल दोन्ही कमी पडतात आणि तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून प्लग काढून आत थोडे ऑइल सोडावे, किक हाताने हलकेच दाबून पाहावी आणि पिस्टन मोकळा असला तरी सील बदलूनच घ्यावीत. टाकीतला गंज काढल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणे व्यर्थ. ती तांबूस भुकटी पुन्हा जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, येऊन बसतेच.

सायलेन्सरला मात्र हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या इंजिनात सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लहर पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये रोखून धरण्यास मदत करते. पोकळ नळीने आवाज वाढेल, ताकद घटेल. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे मनाजोगते बदल करता येत नाहीत. तो खर्च ब्रेकच्या नव्या लायनरवर करावा आणि नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, तेही तपासावे.